जुन्या रोलप्लेइंग मासिकांचे अंक पीडीएफमध्ये परत का येत नाहीत, आणि येतात तेव्हा कसे येतात

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे की तुमच्या न्यू जर्सीतल्या मामाने ड्रॅगन मासिकाच्या (डंजन्स अँड ड्रॅगन्स या रोलप्लेइंग गेमचं, म्हणजे खेळाडू एकेका पात्राची भूमिका घेऊन खेळतात त्या गेमचं मासिक) जुन्या अंकांचा एक खोका दिलाय, त्यात मधलेमधले अंक नाहीत, ते अधिकृतपणे कुठे डिजिटल मिळत नाहीत, मग कंपनी सगळे जुने अंक सरळ स्कॅन करून विकायला का काढत नाही, एवढं काय अवघड आहे त्यात, आणि आपल्याकडचे अंक आपणच स्कॅन करून सगळ्यांसाठी टाकले तर काय बिघडलं. जुनी मासिकं स्कॅन करून प्रकाशकांना त्यांचे डिजिटल अंक बनवून द्यायचं काम मी बरीच वर्षं करतेय, त्यात टेबलटॉप गेमिंगची, म्हणजे टेबलाभोवती बसून खेळायच्या गेमची मासिकं पण आली, त्यामुळे जरा लांबलचक लिहिते. मी वकील नाही, पण या कामात वकिलांच्या शेजारी इतकं बसावं लागतं की थोडीफार वकिली अंगात येतेच.

तर पहिली गोष्ट, स्कॅनिंग हा यातला सोपा भाग. शंभर पानांचा अंक, पिना काढलेल्या, स्कॅनर बरा, माणसाचा हात बसलेला, की दिवसाभरात अंक स्कॅन होऊन पानं सरळ करून साफ होतात. गाडी अडते ती मालकीवर. आपण म्हणतो ड्रॅगनचा अंक म्हणजे ते काढणाऱ्या टीएसआर कंपनीचा, टीएसआर १९९७ ला विझार्ड्स ऑफ द कोस्टनं घेतली म्हणजे आता त्यांचा, संपलं. पण मासिकाचा अंक हा सातबाऱ्यावर पंचवीस नावं असलेल्या जमिनीसारखा असतो, वहिवाट एकाची दिसते पण विकायला काढली की चुलत, मावस, सगळे उगवतात. एका अंकात दहा-बारा बाहेरचे लेखक, तितकेच चित्रकार, दोन-तीन कॉमिक स्ट्रिप, एखादी कथा, मधे घातलेला एखादा छोटा गेम. यातल्या प्रत्येकाला तेव्हा चेक देताना नेमकं काय विकत घेतलं, एकदा छापायचा हक्क की सगळेच हक्क, यावर आज पीडीएफ निघणार की नाही ते ठरतं. आणि सत्तरच्या दशकातल्या बऱ्याच मासिकांच्या बाबतीत तो करार हा प्रकारच नव्हता, संपादकाचं एक पत्र, एक चेक, बस.

ड्रॅगनचंच घ्या कारण ते तुमच्या खोक्यात आहे आणि या सगळ्या भानगडीचं ते सगळ्यात गाजलेलं उदाहरण पण आहे. टीएसआरनं १९७५ च्या वसंतात द स्ट्रॅटेजिक रिव्ह्यू नावाचं छोटं पत्रक काढलं, एप्रिल १९७६ पर्यंत सात अंक, मग ते बंद करून जून १९७६ मध्ये टिम कास्क यांच्या संपादनाखाली द ड्रॅगन सुरू झालं. कागदावर ते सप्टेंबर २००७ पर्यंत चाललं, ३५९ अंक. आता बहुतेकांना माहीत नसतं की याचा एक अधिकृत डिजिटल संच निघून गेलाय, १९९९ मध्ये, सीडी-रॉमवर, ड्रॅगन मॅगझीन आर्काइव्ह नावानं, पहिले २५० अंक आणि स्ट्रॅटेजिक रिव्ह्यूचे सातही, सगळं पीडीएफ आणि शब्द टाकून शोधता येण्यासारखं. त्या काळात हे भारीच होतं, आजही त्या सीडी लोक जपून ठेवतात. पण तो संच पुन्हा कधी निघाला नाही, आणि का नाही निघाला यातच तुमच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर आहे.

झालं काय, तर कंपनीनं धरून चाललं की अंक आपला म्हणजे अंकाची सीडी पण आपली. पण आत छापलेल्या कथा बऱ्याच जणांनी फक्त पहिल्यांदा छापायच्या हक्कावर दिल्या होत्या, तेव्हा अमेरिकेतल्या विज्ञानकथा लेखकांच्या संघटनेनं आवाज उठवला की आमच्या लोकांना न विचारता, पैसे न देता हे परत विकलं कसं. आणि दुसरं प्रकरण तर मजेशीर आहे. नव्वदच्या दशकात ड्रॅगनमध्ये नाइट्स ऑफ द डिनर टेबल ही कॉमिक स्ट्रिप यायची, ती केंझर अँड कंपनीची, आणि या कंपनीचे मालक स्वतः वकील. त्यांची स्ट्रिप परवानगीशिवाय सीडीवर गेली. शेवटी तडजोड झाली, आणि त्या तडजोडीतून केंझरला जुन्या अॅडव्हान्स्ड डंजन्स अँड ड्रॅगन्सचं साहित्य वापरायची मुभा मिळाली, त्यावर त्यांनी २००१ मध्ये हॅकमास्टर हा अख्खा गेम काढला. म्हणजे चार-दोन पानांच्या स्ट्रिपची किंमत एवढी. हे बघितल्यावर कुठला मॅनेजर म्हणेल की चला, आता उरलेले शंभर अंक पण काढू.

यात अजून एक पातळी आहे ती लोकांच्या लक्षात येत नाही. अंकाच्या आतला मजकूर नंतर दुसऱ्याच कंपनीकडे जाऊ शकतो. ऑगस्ट १९७९ च्या २८ व्या अंकात टॉम व्हॅम यांचा द ऑफुल ग्रीन थिंग्ज फ्रॉम आउटर स्पेस हा गेम मधे घातलेला होता, पट, सोंगट्या, सगळं. तो गेम पुढे टीएसआरनं खोक्यात विकला, आणि नंतर गेला स्टीव्ह जॅक्सन गेम्सकडे, ते अजून तो विकतात. आता तुम्ही २८ वा अंक डिजिटल काढणार म्हणजे दुसऱ्या कंपनीचा आज बाजारात असलेला माल फुकट वाटणार. तसंच मार्व्हल-फाइल नावाचं सदर यायचं, टीएसआरकडे तेव्हा मार्व्हलच्या सुपरहिरोंचा परवाना होता म्हणून. तो परवाना केव्हाच संपला. पानं मात्र अंकात आहेतच, आणि मार्व्हल आज डिस्नीची आहे, पुढचं सांगायला नको.

आता कायदा, जरा धीर धरा कारण इथेच खरी गंमत आहे. अमेरिकेच्या कॉपीराइट कायद्यात कलम २०१ पोटकलम सी म्हणून आहे, त्याचा सारांश असा की लेखकानं वेगळं काही लिहून दिलं नसेल तर मासिकवाल्याकडे एवढाच हक्क असतो: तो लेख त्या अंकात छापणं, त्या अंकाच्या सुधारित आवृत्तीत छापणं, आणि त्याच मालिकेतल्या पुढच्या अंकात छापणं. बाकी सगळं लेखकाचं. मग सगळं भांडण यावर की सीडी किंवा डेटाबेस म्हणजे 'त्या अंकाची सुधारित आवृत्ती' आहे का. जून २००१ मध्ये टासिनी विरुद्ध न्यूयॉर्क टाइम्स प्रकरणात तिथल्या सुप्रीम कोर्टानं सात विरुद्ध दोन मतांनी सांगितलं की लेख अंकातून सुटा काढून डेटाबेसमध्ये टाकला तर ती अंकाची आवृत्ती राहत नाही, फ्रीलान्स लेखकाची परवानगी पाहिजे. त्यानंतर टाइम्सनं लाखाहून जास्त लेख डेटाबेसमधून काढायला घेतले होते, विचार करा.

मग नॅशनल जिओग्राफिक. त्यांनी १९९७ ला शंभरेक वर्षांचे सगळे अंक सीडीवर काढले, पण पानंच्या पानं जशी छापली होती तशी, जाहिरातींसकट. फोटोग्राफर कोर्टात गेले, २००१ ला एका अपील कोर्टात ग्रीनबर्ग नावाचे फोटोग्राफर जिंकले, पण २००५ ला न्यूयॉर्कच्या अपील कोर्टानं उलट निकाल दिला, आणि २००८ मध्ये त्या पहिल्या कोर्टानं पण पूर्ण पीठ बसवून आपला निकाल फिरवला. म्हणणं असं की पानं जशीच्या तशी, त्याच क्रमाने, आजूबाजूच्या मजकुरासकट दाखवली तर ती मायक्रोफिल्मसारखीच अंकाची प्रत झाली, त्याला वेगळी परवानगी नको.

तुम्हाला कधी प्रश्न पडला असेल की या जुन्या मासिकांचे डिजिटल अंक नेहमी पानांचे फोटो असल्यासारखेच का असतात, मोबाइलवर वाचायला त्रास होतो तरी, लेख सुटसुटीत करून, अक्षर मोठं करता येईल असं का देत नाहीत. त्यामागे हे निकाल आहेत. पान जसंच्या तसं ठेवलं तर प्रकाशकाच्या पायाखाली थोडी तरी जमीन असते, लेख सुटा केला की गेली. आणि खरं सांगायचं तर मला स्वतःला हे बरंच वाटतं. जाहिराती, पत्रं, कन्व्हेन्शनच्या, म्हणजे खेळाडूंच्या मेळाव्यांच्या तारखा, 'खेळाडू पाहिजेत' असली छोटी कॉलमं, यांच्यातच त्या काळाचा सगळा इतिहास असतो, लेख तर कुठल्या ना कुठल्या संग्रहात येऊन गेलेले असतात. जो प्रकाशक जाहिराती कापून 'स्वच्छ' आवृत्ती काढतो त्याची मी तरी विकत घेत नाही. आणि परवानगी मिळाली नाही म्हणून एखादी स्ट्रिप वगळावीच लागली तर तेवढी जागा कोरी ठेवून तिथे तसं लिहावं, मागची पानं पुढे ओढू नयेत, नाहीतर पान ४२ बघा असं लिहिलेलं असतं आणि ते ४० वर सापडतं.

सगळीकडेच एवढं रडगाणं नाही. जिथे मासिक एका घरचं आणि एकाच गेमचं होतं तिथे मार्ग पटकन निघाला. ट्रॅव्हलर गेमचं जर्नल ऑफ द ट्रॅव्हलर्स एड सोसायटी घ्या, ट्रॅव्हलर काढणाऱ्या जीडीडब्ल्यू कंपनीनं १९७९ ला सुरू केलं, २४ अंकांनंतर चॅलेंज मासिकात विलीन केलं. १९९६ ला जीडीडब्ल्यू बंद पडली, ट्रॅव्हलरचे हक्क मूळ निर्माते मार्क मिलर यांच्याकडे आले, त्यांनी स्वतःच्या छोट्या कंपनीतून सगळं सीडीवर विकायला काढलं. माणूस एक, गेम एक, विषय मिटला. केऑसियम कंपनीनं ग्लोरांथा या आपल्या काल्पनिक जगावरचं वर्म्स फूटनोट्स असंच पीडीएफमध्ये आणलं. स्टीव्ह जॅक्सन गेम्सनं स्वतःच्या ऑनलाइन दुकानात द स्पेस गेमरचे जुने अंक ठेवले, आणि त्यांचं पिरॅमिड तर बघण्यासारखं आहे, १९९३ ते १९९८ कागदावर ३० अंक, मग दहा वर्षं वेबवर साप्ताहिक, मग २००८ ते २०१८ दर महिन्याला पीडीएफ. असं स्वतःच डिजिटलकडे गेलेलं मासिक असलं की संपादकांना हक्कांचं भान आधीपासून असतं, आणि नंतर डोकेदुखी कमी होते.

उलट टोकाला सुरुवातीचं व्हाइट ड्वार्फ, गेम्स वर्कशॉप या ब्रिटिश कंपनीचं मासिक. १९७७ ला इयन लिव्हिंग्स्टन यांनी लंडनमध्ये सुरू केलं, आणि पहिली दहाएक वर्षं त्यात डंजन्स अँड ड्रॅगन्स, रूनक्वेस्ट, ट्रॅव्हलर, कॉल ऑफ थुलू असे सगळे दुसऱ्यांचे गेम. वाचकांनी गेमसाठी रचून पाठवलेले राक्षस फीन्ड फॅक्टरी सदरात यायचे, त्यातले बरेच पुढे १९८१ च्या फीन्ड फोलिओ या राक्षसांच्या पुस्तकात टीएसआरनं छापले, म्हणजे एकाच राक्षसावर लेखक, ब्रिटिश मासिक आणि अमेरिकन कंपनी असे तीन हात. थ्रड द बार्बेरियन ही कॉमिक चित्रकाराची, त्यानं पुढे ती स्वतः वेगळी छापली. ऐंशीच्या दशकाच्या शेवटी मासिक फक्त गेम्स वर्कशॉपच्या मालाचं झालं आणि तिथून पुढचं कंपनीला सोपं आहे, पण लोकांना पाहिजेत ते नेमके आधीचे अंक.

आणि शेवटची जात म्हणजे हौशी लोकांची झाइन, म्हणजे घरगुती छोटी मासिकं, आणि एपीए, ज्यात प्रत्येक सभासद आपापली पानं टाइप करून पाठवायचा आणि एक जण सगळी एकत्र करून टपालाने वाटायचा. ली गोल्ड यांचं अलारम्स अँड एक्सकर्शन्स जून १९७५ ला सुरू झालं ते २०२५ पर्यंत चालू होतं, पन्नास वर्षं. यात प्रत्येक पानाचा मालक वेगळा. गमतीचा भाग असा की अमेरिकेत मार्च १९८९ च्या आधी कॉपीराइटची सूचना न छापता प्रकाशित केलेलं बरंचसं लिखाण कायद्याने मोकळं झालेलं असू शकतं, हौशी लोक ती सूचना छापायला सर्रास विसरायचे, पण पन्नास-शंभर सभासदांत वाटलं म्हणजे 'प्रकाशित' झालं का यावर पुन्हा वाद. नुसतं सूचना नाही म्हणून टाकून देऊ नका.

तुमचे ड्रॅगन मात्र मोकळे वगैरे नाहीत. १९७६ चा पहिला अंक ९५ वर्षांच्या हिशोबाने १ जानेवारी २०७२ ला मोकळा होईल, आणि १९७८ नंतरच्या लेखांना तर लेखकाचं आयुष्य अधिक सत्तर वर्षं लागू होऊ शकतात. त्यामुळे 'एवढं जुनं आहे, कोण विचारतंय' हे चालत नाही. चाहत्यांनी केलेले स्कॅन इंटरनेट आर्काइव्हवर चढले, उतरले, हे आपण सगळ्यांनी बघितलंय. तुमचा शेवटचा प्रश्न, स्वतः स्कॅन करावं का, तर स्वतःपुरतं जरूर करा. भारतीय कॉपीराइट कायद्याच्या कलम ५२ मध्ये खाजगी वापर आणि अभ्यासासाठी रास्त वापराला जागा आहे. सगळ्यांसाठी टाकणं यात बसत नाही, आणि मामाचं नाव असलेला पत्त्याचा स्टिकर मुखपृष्ठावर असेल तर ते अजूनच शहाणपणाचं नाही.

आपल्याकडचा विषय निघालाच आहे तर जाता जाता, कुणी दिवाळी अंक डिजिटल करायच्या विचारात असेल तर आपला कायदा लेखकाच्या बाजूने अजून कडक आहे हे लक्षात ठेवा. नोकरीतल्या लेखकानं मासिकासाठी लिहिलं तरी मालकाचा हक्क नियतकालिकात छापण्यापुरता, बाकी लेखकाचा. आणि २०१२ च्या दुरुस्तीनं असंही घातलंय की करार करताना जे माध्यम अस्तित्वातच नव्हतं त्याचा हक्क त्या करारात नाव घेऊन लिहिल्याशिवाय जात नाही. वारसांचे पत्ते शोधायला आधी सुरुवात करा, स्कॅनर नंतर घ्या.

आता अधिकृत पीडीएफ घेणाऱ्यांसाठी एक गोष्ट पोटतिडकीने सांगते. घेतलं की लगेच उतरवून दोन ठिकाणी ठेवा. एप्रिल २००९ मध्ये विझार्ड्सनं पायरसीचं कारण देऊन एका दिवसात सगळ्या दुकानांतून आपल्या पीडीएफ काढून घेतल्या, ज्यांनी पैसे भरले होते पण फाइल उतरवली नव्हती त्यांची पंचाईत झाली, आणि जुनी पुस्तकं परत विक्रीला आली ती थेट जानेवारी २०१३ मध्ये. आणि जे जन्मालाच डिजिटल आलं त्याची अवस्था अजून वाईट. कागदी ड्रॅगन बंद झाल्यावर ३६० पासूनचे अंक ऑनलाइन निघाले, ते वर्गणीच्या सेवेत होते, ती डी अँड डी (डंजन्स अँड ड्रॅगन्स) इनसायडर सेवा २०२० च्या सुरुवातीला बंद झाली. मग ड्रॅगन प्लस नावाचं अॅप २०१५ ला आलं आणि २०२२ ला गेलं. १९७६ चा कागद आजही हातात धरून वाचता येतो आणि २०१६ चा अॅपमधला अंक शोधावा लागतो, हे मी ओळखीच्या प्रकाशकांना सांगून सांगून दमले.

बरं, स्वतःसाठी स्कॅन करणारच असाल तर नीट करा. पिनेचे अंक असतील तर पिना पातळ चपट्या पट्टीने हळूच सरळ करून काढा, ओढू नका, गंजलेल्या असतात आणि कागद फाटतो. कागद सुटा झाला की पूर्ण ताव स्कॅन करून नंतर दोन पानं वेगळी करा, क्रम गोंधळतो म्हणून आधी पेन्सिलने कोपऱ्यात आकडे टाका. पिनेच्या अंकात मधली पानं बाहेरच्या पानांपेक्षा थोडी अरुंद असतात, कारण घडी घालून मग कापलेलं असतं, त्यामुळे सॉफ्टवेअरला सगळी पानं एका मापाची करायला सांगितलं की ते मधली ताणतं आणि नकाशातले चौकोन चौकोन राहत नाहीत. चारशे डीपीआय मजकुराला पुरतं, बारीक रेघांचे नकाशे असतील तर सहाशे. काळंपांढरं पान पण रंगीतच स्कॅन करा, पिवळेपणा नंतर काढता येतो. मागच्या पानाची छपाई उमटत असेल तर पाठीमागे काळा कागद ठेवा, यासारखा स्वस्त उपाय नाही. फोटोंच्या छपाईतल्या ठिपक्यांमुळे जाळीसारखे पट्टे दिसतात, ते घालवायचं बटण स्कॅनरमध्ये असतं पण मूळ फाइलवर ते वापरू नका, मूळ फाइल टिफ म्हणून जशीच्या तशी ठेवा आणि साफसफाई प्रतीवर करा. त्यासाठी स्कॅन टेलर नावाचं सॉफ्टवेअर फुकट मिळतं आणि चांगलं आहे.

फाइल लहान करायच्या नादात एक सापळा आहे तो गेमिंगच्या मासिकांना विशेष नडतो. जेबीग टू नावाची कॉम्प्रेशनची पद्धत आहे, तिचा एक प्रकार सारखी दिसणारी अक्षरं एकच समजून एकाचं चित्र सगळीकडे चिकटवतो. २०१३ मध्ये डेव्हिड क्रिझेल या जर्मन संगणकतज्ज्ञानं दाखवून दिलं की झेरॉक्सची काही मशीन्स यामुळे स्कॅनमधले आकडे बदलतायत, सहाचा आठ होतोय, आणि पान दिसायला एकदम स्वच्छ. कथेत एक अक्षर बदललं तर वाचणारा हसून पुढे जातो, पण राक्षसाच्या तक्त्यात सहाचा आठ झाला तर कुणाला कळणारच नाही, पुढची वीस वर्षं लोक तोच आकडा खरा धरून खेळतील. त्यामुळे लॉसलेस, म्हणजे मूळ चित्रातलं काहीच न गमावणारा प्रकारच वापरा, फाइल मोठी झाली तर होऊ दे.

ओसीआरचं, म्हणजे पानाच्या चित्रातली अक्षरं ओळखून त्यांचा मजकूर करायचं, पण तसंच. तीन कॉलमचं पान, मधे चौकट, बाजूला तक्ता, वर नक्षीदार मथळा, की मशीन गोंधळतं आणि एका कॉलममधून दुसऱ्यात उडी मारतं. फाशांची भाषा तर त्याला अजिबात कळत नाही, १डी६ (म्हणजे सहा बाजूंचा एक फासा) मधला एक हा इंग्रजी एल होतो, २-१२ मधली आडवी रेघ उडून दोनशे बारा होतात. सगळं हाताने सुधारणं कुणालाच परवडत नाही, म्हणून मी काय करते, फाशांचे नेहमीचे प्रकार शोधून एका फटक्यात बदलायचे, आणि अनुक्रमणिका मात्र पूर्ण हाताने टाइप करायची, लेख, लेखक, चित्रकार, कुठल्या गेमचा, पान कितवं. शोधणारा माणूस नव्वद टक्के वेळा यातलंच काहीतरी शोधत असतो. चांगली अनुक्रमणिका आणि मध्यम स्कॅन हे मला भारी स्कॅन आणि अनुक्रमणिका नाही यापेक्षा कधीही चालेल.

प्रकाशकासाठी काम करताना अजून एक गोष्ट बघावी लागते, तिच्याबद्दल फारसं कुणी बोलत नाही. जुन्या काही मासिकांत पत्रांखाली आणि 'खेळाडू पाहिजेत' मध्ये लोकांचे घरचे पूर्ण पत्ते छापलेले असतात, त्यात शाळकरी मुलं भरपूर. कागदावर ते कपाटात पडून होतं, डिजिटल झालं की नाव टाकलं आणि पत्ता समोर. मी पानाच्या चित्राला हात लावत नाही, पण खालच्या शोधता येणाऱ्या मजकुरातून तेवढे पत्ते काढून टाकते. काही संपादकांना हे पटत नाही, इतिहासाशी छेडछाड म्हणतात, मला वाटतं चित्र शाबूत आहे तोवर छेडछाड कसली.

राहिले तुमचे मधले अंक. अधिकृत डिजिटलची वाट बघण्यापेक्षा जुनी १९९९ ची सीडी किंवा कागदी अंक सेकंडहँड शोधा, मामा तिकडे आहेत तर त्यांच्याच पत्त्यावर मागवा, टपालखर्च वाचेल. पण त्या काळातल्या अंकांत मधे गेम, नकाशे, कापून वापरायच्या सोंगट्या असं बरंच काही घातलेलं असायचं आणि तेच आधी गायब होतं, विकणारा मुखपृष्ठाचा फोटो टाकून 'उत्तम स्थिती' लिहून मोकळा होतो. तेव्हा पैसे द्यायच्या आधी त्याच्याकडे मधल्या पानाचा, पिना दिसतील असा फोटो मागा, आणि पिनेभोवती फाटलेल्या कागदाची कड दिसली तर सरळ पुढचा विक्रेता बघा.